घर सोबत घेऊन निघालेलं मांजर

आजचा विषय आहे मांजराचा प्रवास. इतिहासाच्या व्याख्यानात लढाया येतात, तह येतात, दुष्काळ येतात. मांजर सहसा येत नाही. पण आज अनेक घरांपुढे हा प्रश्न खरोखरच उभा असतो. बदली झाली, मुंबईहून नागपूरला जायचंय, किंवा गणपतीला कोकणात जायचंय, आणि घरात मांजर आहे. त्याला आठ-दहा तास गाडीतून न्यायचं कसं? ते घाबरणार नाही ना? वाटेत निसटणार नाही ना?

या प्रश्नाला सूचनांची यादी हे एक उत्तर आहे, आणि ती आपण पुढे पाहणारच आहोत. पण माणूस मांजराला घेऊन फिरायला लागला त्याला साडेनऊ हजार वर्षं तरी झाली. त्या प्रवासांत कोणती मांजरं निभावली, कोणती हरवली आणि का, हे आधी पाहिलं की यादीतली प्रत्येक सूचना कुठून आली ते कळतं. आणि कारण कळलेली सूचना ऐन वेळी आठवते.

आडवं गेलेलं मांजर, पोत्यातलं मांजर

सुरुवात आपल्याच घरापासून करू. मांजर आणि प्रवास हे दोन शब्द एकत्र आले की मराठी माणसाला पहिल्यांदा आठवतं ते आडवं गेलेलं मांजर. कामाला निघालेला माणूस थबकतो, चार पावलं मागे येतो, घोटभर पाणी पितो आणि मग पुन्हा निघतो. म्हणजे प्रवासाच्या संदर्भात मांजर आपल्याकडे आलं ते अपशकुन म्हणून.

दुसरी आठवण जास्त बोचरी आहे. जुन्या घरांतून मांजराला मुद्दाम लांब नेलं जायचं ते बहुतेक वेळा एकाच कामासाठी, सोडून यायला. दुधात तोंड घालतं, पिल्लं फार झाली, म्हणून पोत्यात घालायचं, तोंड बांधायचं आणि नदीपलीकडे नाहीतर बाजाराच्या गावी सोडून यायचं. पोतं कशाला? तर त्याला रस्ता दिसू नये म्हणून. आणि तरीही चार दिवसांनी ते परत दारात हजर झालं, ही गोष्ट तुम्हाला जवळजवळ प्रत्येक गावात ऐकायला मिळेल.

या क्रूर रिवाजात एक अचूक निरीक्षण दडलेलं आहे. कुत्रा धन्याचा आणि मांजर घराचं, असं आपल्याकडे म्हणतात. कुत्र्याला माणूस सोबत असला की पुरतं. मांजराला कोपरा लागतो, ओळखीचा वास लागतो, लपायची जागा लागते. पण त्याच वेळी आपण असंही म्हणतो की मांजर पिल्लांना सात घरं फिरवते. म्हणजे जागा बदलणं मांजराला ठाऊकच नाही असं नाही. पिल्लू आईच्या तोंडात मानेला धरून लोंबकळत असतं, हातपाय दुमडून निमूट. वाट बदलते, पण आईचा वास बदलत नाही. आजच्या सगळ्या गोष्टींत आपल्याला हेच पुन्हा पुन्हा दिसणार आहे. मांजराला प्रवासाचं वावडं नाही, घर सुटण्याचं आहे. ओळखीच्या जागेचा तुकडा बरोबर असला तर ते निभावून नेतं.

होडीतून आलेले पाहुणे

मांजर आणि माणूस एकत्र राहत असल्याचा फार जुना आणि ठोस पुरावा सायप्रस बेटावर मिळाला. शिलुरोकांबोस नावाच्या नवाश्मयुगीन वस्तीत एका माणसाच्या दफनाजवळ, जेमतेम 40 सेंटिमीटर अंतरावर, साधारण आठ महिन्यांच्या मांजराचा सबंध सांगाडा सापडला. काळ सुमारे साडेनऊ हजार वर्षांपूर्वीचा. फ्रेंच संशोधकांनी ही माहिती 2004 मध्ये प्रसिद्ध केली.

यात आपल्या कामाची गोष्ट अशी, की सायप्रसवर मूळची मांजरं नव्हती. म्हणजे ती आली होडीतून, कोणीतरी आणली म्हणून. माणसाजवळच्या मांजराचा हा जो जुना पुरावा आपल्या हाती आहे, तोच मुळी एका प्रवासाचा पुरावा आहे.

पुढे हजारो वर्षं मांजर फिरलं ते मुख्यतः जहाजांवरून. कारण उघड आहे. जहाजावर धान्य, धान्यापाशी उंदीर, उंदरांनी कुरतडायला दोर आणि शिडांचं कापड. खलाशांनी मांजराला पगारी नोकरासारखं सांभाळलं. आपल्याकडे जे अपशकुनी ठरलं, तेच युरोपातल्या अनेक खलाशांना जहाजावर असलं की शुभ वाटायचं. ब्रिटिश आरमाराने 1975 मध्ये स्वच्छतेच्या कारणावरून जहाजांवर प्राणी ठेवायला बंदी घातली, तोवर ही प्रथा चालू होती.

आता विचार करा. समुद्र हलतो, वादळं येतात, चहूकडे पाणी, आणि पाणी तर मांजराला नको असतं. मग शेकडो मांजरं जहाजांवर सुखाने कशी राहिली? कारण हलत होतं ते जहाज, आणि जहाज हेच त्यांचं घर होतं. तीच खोली, तोच कोठार, तीच माणसं, तोच जेवणाचा वेळ. बंदर बदललं तरी मांजराच्या दृष्टीने काहीच बदलत नव्हतं.

ट्रिमची गोष्ट

या सगळ्या जहाजी मांजरांत ज्याची हकिगत नीट लिहिलेली सापडते तो बोका म्हणजे ट्रिम. त्याचा जन्म 1799 चा, आणि तोही आपल्या हिंदी महासागरात. ‘रिलायन्स’ हे जहाज आफ्रिकेच्या टोकाकडून ऑस्ट्रेलियाकडे निघालं होतं, त्या वाटेवर. काळा रंग, पंजे पांढरे, छातीवर पांढरा ठिपका. त्याचा धनी मॅथ्यू फ्लिंडर्स, ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्याचा नकाशा करणारा दर्यावर्दी. पिल्लू असताना ट्रिम एकदा जहाजावरून पाण्यात पडला, पोहत आला आणि सोडलेल्या दोराला धरून वर चढला. पुढे ‘इन्व्हेस्टिगेटर’ जहाजावरून त्याने फ्लिंडर्सबरोबर ऑस्ट्रेलियाला सबंध वळसा घातला. 1803 मध्ये ‘पॉर्पॉइज’ हे जहाज प्रवाळाच्या खडकावर फुटलं, त्यातूनही तो वाचला.

ट्रिमने रस्त्याचा प्रवासही केला होता. फ्लिंडर्सने त्याला घोड्यांच्या प्रवासी गाडीतून लंडनला नेलं, आणि चक्क मोकळं सोडून. फ्लिंडर्स लिहितो त्यावरून दिसतं, की ट्रिम आसनावर ऐसपैस पसरला आणि शहाण्या उतारूसारखा वागला. हे वाचून कोणाला वाटेल, मग आपणही मांजराला गाडीत मोकळं सोडावं. थांबा. ट्रिम जन्मला तेच हलत्या जहाजावर, दहा माणसांच्या हाताखाली. विसाव्या शतकात, 1980 च्या दशकात, आयलीन कार्श या संशोधिकेने अमेरिकेत दाखवून दिलं, की पिल्लू साधारण दोन ते सात आठवड्यांचं असताना जे अनुभवतं त्याचा ठसा पुढे टिकतो. त्या वयात माणसांनी हाताळलेली पिल्लं पुढे माणसांत निर्धास्त राहतात. ट्रिमने त्या आठवड्यांत लाटा अनुभवल्या होत्या. आपल्या तिसऱ्या मजल्यावरच्या मांजराने त्या वयात फार तर पंखा आणि मिक्सर ऐकलेला असतो. शिवाय घोडागाडीचा वेग आणि आजच्या मोटारीचा वेग यांत किती फरक आहे, ते पुढे येईलच.

पण ट्रिमच्या गोष्टीतली मुख्य शिकवण तिच्या शेवटात आहे. डिसेंबर 1803 मध्ये फ्लिंडर्स मॉरिशसला पोचला. तेव्हा ते बेट फ्रेंचांकडे होतं आणि इंग्लंड-फ्रान्स युद्ध पेटलं होतं. फ्लिंडर्सला पकडून ठेवलं गेलं, ते 1810 पर्यंत. ट्रिमही कैदेत त्याच्याबरोबर होता. पुढे एका फ्रेंच बाईने आपल्या लहान मुलीला सोबत म्हणून ट्रिमला मागितलं, आणि पहारेकऱ्यांकडून त्याला काही दगाफटका होईल या भीतीने फ्लिंडर्सने तो दिला. जेमतेम पंधरा दिवस गेले आणि ट्रिम नाहीसा झाला. शोधून देणाऱ्याला दहा स्पॅनिश डॉलर बक्षीस जाहीर झालं. तो मिळाला नाही. फ्लिंडर्सने 1809 मध्ये कैदेतच त्याच्यावर एक छोटं लेखन केलं, आणि ते लोकांसमोर आलं थेट 1970 च्या दशकात.

बघा, जो समुद्रात पडून वाचला, जहाज फुटून वाचला, तो हरवला एका चांगल्या घरात. कोणी छळलं नाही, उलट प्रेमाने नेलं होतं. प्रवास सुखरूप झाला होता. पहिले पंधरा दिवस तेवढे निभावले नाहीत.

बाहेर फेकलेलं घर

1910 मध्ये वॉल्टर वेलमन नावाच्या अमेरिकन पत्रकाराने ‘अमेरिका’ नावाच्या हवाई जहाजातून अटलांटिक ओलांडायचा घाट घातला. 15 ऑक्टोबरला अटलांटिक सिटीहून ते उडालं. हँगरमध्ये राहणारं किडो नावाचं मांजरही त्यात होतं. जमीन सुटली तसं ते वेड्यासारखं ओरडायला आणि धावायला लागलं. जहाजावर बिनतारी यंत्र होतं. त्यावरून खाली जे सुरुवातीचे संदेश गेले त्यांत एक शिवीसकट होता: हे मांजर घेऊन जा! पिशवीत घालून किडोला खालच्या बोटीत उतरवायचा प्रयत्न झाला, पण समुद्र खवळलेला होता, पिशवी परत वर ओढावी लागली. आणि मग काही वेळाने किडो निवळला. हवाई जहाजात त्याने आपला कोपरा शोधला आणि तिथे झोपायला लागला. तीन दिवसांनी इंजिनं निकामी झाल्यावर ‘ट्रेंट’ या आगबोटीने माणसांसकट त्यालाही वाचवलं.

किडोचा आरडाओरडा उंचीमुळे होता की जागा हलल्यामुळे, यावर वाद घालता येईल. पण कोपरा मिळाल्यावर तो शांत झाला, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

याच्या उलट मिसेस चिप्पी. नाव बाईचं, पण होता बोका. शॅकल्टनच्या अंटार्क्टिका मोहिमेत सुतार हॅरी मॅकनिश याच्याबरोबर तो ‘एन्ड्युरन्स’ जहाजावर होता. 1915 मध्ये बर्फाने जहाज चिरडलं. बर्फावरून पुढची वाटचाल मांजराला झेपणारी नाही, असं ठरवून शॅकल्टनने त्याला गोळी घालायला लावली. तारीख 29 ऑक्टोबर. मॅकनिशच्या मनातली ही सल गेली नाही असं सांगतात. न्यूझीलंडमध्ये वेलिंग्टनला मॅकनिशची कबर आहे, तिच्यावर 2004 मध्ये या बोक्याचा ब्राँझचा पुतळा बसवला गेला.

आणि 1963 मध्ये फ्रान्सने फेलिसेट नावाची मांजरी रॉकेटमधून सुमारे 157 किलोमीटर उंच पाठवली. ती जिवंत परतली, आणि काही आठवड्यांनी मेंदू तपासण्यासाठी तिला मारण्यात आलं. चौदा मांजरांतून ती निवडली गेली, कारण ती शांत होती. या निवडीतला ‘शांत’ हा शब्द जरा बाजूला ठेवा, आपल्याला तो लागणार आहे.

मिसेस चिप्पी काय किंवा फेलिसेट काय, प्रवास ठरवला माणसाने आणि किंमत दिली मांजराने. आपली सुट्टीची सहल एवढी भयंकर नाही, हे खरं. पण निर्णय तिथेही आपलाच असतो, म्हणून जबाबदारीही आपली.

मोटारीचं युग

मोटार ही मांजराच्या दृष्टीने जहाजापेक्षा अवघड. जहाजावर मांजर वर्षानुवर्षं राहायचं. मोटारीत ते वर्षातून दोनदा बसतं, आणि त्यातलं एकदा डॉक्टरकडे सुई टोचायला. मग त्याने मोटारीवर प्रेम का करावं?

आणि वेग. थोडं गणित करू. ताशी 60 किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एकदम अडकून थांबली, तर मोकळ्या मांजरावर होणारा आघात साधारण 14 मीटर उंचीवरून पडण्याइतका असतो, म्हणजे चार मजल्यांहून जास्त. वेग दुप्पट झाला की आघात चौपट होतो. 701 किलोमीटरच्या समृद्धी महामार्गावर ताशी 120 ची मुभा आहे. त्या वेगाला हिशेब जातो जवळजवळ 57 मीटरवर. मांडीवर घट्ट धरलं तरी अशा वेळी कोणाच्याही हातात मांजर राहत नाही. आणि अपघात न होताही, घाबरलेलं मांजर ब्रेकच्या पायाखाली शिरलं तर सगळ्यांचाच जीव धोक्यात.

म्हणून कॅरियर हवाच. कडक बाजूंचा, शक्यतो वरूनही उघडणारा, आत मांजर वळून बसू शकेल एवढा. पुढच्या सीटमागे खाली घट्ट बसत असेल तर उत्तम. नाहीतर मागच्या सीटवर, बनवणाऱ्याने सांगितलं असेल तसा पट्ट्याने बांधून.

दुसरा शत्रू ऊन. अमेरिकेत 2005 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीचं तापमान तासाभरात सरासरी 22 अंश सेल्सियसने वाढलं, आणि त्यातली बहुतेक वाढ पहिल्या अर्ध्या तासातच झाली. काच बोटभर उघडी ठेवून फारसा फरक पडला नाही. विदर्भातला मे महिना डोळ्यांसमोर आणा. मांजराला घाम येतो तो मुख्यतः पंजांच्या गादीतून. ते तोंड उघडून धापा टाकायला लागलं तर समजा गोष्ट हाताबाहेर चालली आहे. तेव्हा ‘चहा घेऊन आलोच’ म्हणून त्याला गाडीत सोडून जायचं नाही. एकाने चहा प्यावा, एकाने गाडीत बसावं, मग अदलाबदल.

आपल्या देशात याबद्दल कायदाही आहे, हे फार थोड्यांना माहीत असतं. प्राण्यांच्या वाहतुकीचे 1978 चे नियम, त्यातलं एक सबंध प्रकरण कुत्र्या-मांजरांचं आहे. सार्वजनिक वाहनातून नेताना पिंजरा टपावर ठेवायचा नाही, आतच ठेवायचा. गाडी शक्यतो एकसारख्या वेगाने चालवायची, धक्के आणि अचानक थांबणं टाळायचं. बरोबर माणूस हवा. लांबच्या प्रवासात उन्हाळ्यात दर चार तासांनी आणि हिवाळ्यात दर सहा तासांनी पाणी द्यायचं. हे नियम मालवाहतुकीचा विचार करून लिहिलेले आहेत, पण घरच्या गाडीलाही तंतोतंत लागू पडतात. खाण्याचं म्हणाल तर निघण्याआधीचे काही तास पोट हलकं ठेवलेलं बरं, नाहीतर उलटी ठरलेली.

शांत की गप्प?

आता तो बाजूला ठेवलेला शब्द. पुष्कळ लोक सांगतात, आमचं मांजर गाडीत अगदी शांत असतं, हूं की चूं नाही. बऱ्याचदा ते शांत नसतं, गोठलेलं असतं. अंग जमिनीला चिकटलेलं, डोळे विस्फारलेले, कान मागे, खाणं-पिणं बंद. 1997 मध्ये केसलर आणि टर्नर या संशोधकांनी मांजराचा ताण मोजायला सात पायऱ्यांची मोजपट्टी प्रसिद्ध केली, ती अशाच खुणांवर आधारलेली आहे. ओरडणारं मांजर निदान आपल्याला सांगत तरी असतं. गप्प मांजराकडे जास्त लक्ष द्यायला हवं.

खरी शांतता येते कुठून? व्हिएन्नाच्या पशुवैद्यक विद्यापीठातला एक प्रयोग 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. 22 मांजरं घेतली. निम्म्यांना सहा आठवड्यांत, एकूण 28 छोट्या बैठकांत, खाऊ देत देत कॅरियरची सवय लावली. आधी उघडा कॅरियर, मग दार लावून, मग उचलून, मग गाडीत. बाकीच्यांना काही शिकवलं नाही. नंतर सगळ्यांना गाडीतून तपासणीला नेलं, तेव्हा शिकवलेल्या मांजरांवर ताण स्पष्टपणे कमी दिसला. कॅरियर त्यांच्यासाठी पोतं राहिला नव्हता, ओळखीचा कोपरा झाला होता. ट्रिमचं जहाज होतं ना, तसा.

म्हणजे करायचं काय, तर निघायच्या महिना-दीड महिना आधी कॅरियर माळ्यावरून खाली काढायचा आणि हॉलमध्ये उघडा ठेवायचा. आत त्याची रोजची गोधडी, न धुतलेली. मांजर गाल घासून घासून आपल्या वस्तूंवर खूण करतं, तो वास म्हणजे त्याच्या लेखी घर. आपण स्वच्छतेच्या उत्साहात गोधडी धुतो आणि घर पुसून टाकतो. रोजचं जेवण आतच द्यायचं. मग गाडीत नुसतं बसवायचं, इंजिन बंद. मग गल्लीला एक फेरी. प्रवासात कॅरियरवर पातळ कापड टाकायचं, हवा खेळती ठेवून. गाणी हळू.

एवढं करूनही काही मांजरं फार घाबरतात. त्यांच्यासाठी औषधं आहेत. गॅबापेंटिन या औषधाने प्रवासातला ताण कमी होतो, असं 2017 च्या एका अमेरिकन अभ्यासात दिसलं. पण औषध आणि मात्रा पशुवैद्यच ठरवतील. घरातली माणसांची गोळी अर्धी करून द्यायची नाही. साधं पॅरासिटामॉल मांजराचा जीव घेतं.

आणि वाटेत थांबलात तर आधी गाडीची सगळी दारं-काचा बंद, मगच कॅरियर उघडायचा. मांजर निसटतं ते धाब्यावर, पेट्रोल पंपावर, कोणीतरी ‘जरा मोकळं करू या’ म्हणतं तेव्हा. मूठभर रेती घातलेला ट्रे गाडीतच ठेवा.

पोचल्यानंतरचे पंधरा दिवस

आपण सगळी काळजी प्रवासाची करतो आणि पोचलो की हुश्श म्हणतो. सामान उतरवायला दार सताड उघडं, पाहुणे येतायत, आणि कोणीतरी कौतुकाने कॅरियर उघडतं. ट्रिमची आठवण ठेवायची ती या क्षणी. केसलर आणि टर्नर यांच्याच अभ्यासात मांजरांच्या वसतिगृहात ठेवलेल्या मांजरांपैकी सुमारे दोन-तृतीयांश मांजरं दोन आठवड्यांत बऱ्यापैकी रुळली होती. म्हणजे एक-तृतीयांश तेवढ्या दिवसांतही पुरती रुळली नव्हती. बाहेर फिरायची सवय असलेलं मांजर या दिवसांत सुटलं तर ते जुन्या घराच्या दिशेने निघतं, पोत्यातल्या मांजरासारखंच. फरक एवढाच, की नदीपलीकडून ते परत यायचं. सातशे किलोमीटरवरून येत नाही.

म्हणून पोचल्यावर एक खोली त्याची. दार बंद, खिडक्यांना जाळी, कोपऱ्यात तोच कॅरियर उघडा, तीच गोधडी, तेच भांडं, तीच रेती. ते स्वतः बाहेर येईल तेव्हा येऊ द्यायचं, ओढून काढायचं नाही. गळपट्ट्यावर फोन नंबर, जमलं तर मायक्रोचिप. घरी येणाऱ्या प्रत्येकाला दाराची ताकीद. पंधरा दिवस म्हणजे पंधरा दिवस.

आपल्या आजी-आजोबांच्या काळी मांजराला लांब नेणं म्हणजे त्याला घराबाहेर काढणं होतं. आज आपण त्याला लांब नेतो ते ते घरचं आहे म्हणून. एका-दोन पिढ्यांत झालेला हा बदल छोटा नाही. पण मांजराला आपला हेतू कळत नाही. त्याला कळतो फक्त वास, अंधार, आवाज आणि हलणं. पोतं आणि कॅरियर यांतला फरक त्याला समजावा, एवढी तयारी निघण्याआधी आपण करायची आहे.